एचडी डिश तारकर्लीत: ३६ हजार किलोमीटर ओके, शेवटचे १५ मीटर बोंब

आमच्या घरी दोन छत्र्या आहेत. एक आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, दूरदर्शनची फ्री डिश, आणि दुसरी गेस्टच्या खोल्यांसाठी घेतलेली खाजगी कंपनीची एचडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे काय सांगणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल हिचं त्यांच्याशी भांडण आहे, आणि तसं थोडं आहेच. पण मला मुळात सांगायचंय ते वेगळंच आहे. चार वर्षं ही एचडी वापरून, शिव्या घालून, दोनदा बंद करून परत चालू करून शेवटी कळलं की आपण ज्याच्यावर राग काढतो तो वर टांगलेला उपग्रह बिचारा काहीच चुकत नाही, सगळी बोंब असते ती छत्री ते टीव्ही या पंधरा मीटरांत.

आधी एचडी घेतली कशाला ते सांगते. तारकर्लीत आमचा होमस्टे आहे, चार खोल्या, समुद्र चालत पाच मिनिटांवर. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आलं त्यात आमची जुनी छत्री गच्चीवरच्या पाइपासकट उडाली, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या माडांत उलटी पडलेली सापडली, आत पावसाचं पाणी साचलेलं, कोणीतरी पाटी ठेवावी तशी. लाईटच कितीतरी दिवस नव्हती त्यामुळे टीव्हीची आठवण कोणाला नव्हती, पण दिवाळीनंतर बुकिंगं सुरू झाली आणि पुण्याचे गेस्ट खोलीत बॅग ठेवायच्या आधी विचारायला लागले, टीव्ही एचडी आहे ना? समुद्र बघायला येतात आणि रात्री मॅच बघतात, असो, आपल्याला काय, गिऱ्हाईक आहे.

तर नोव्हेंबरात कनेक्शन घेतलं. एक छत्री, चार आउटपुटची एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा), चार बॉक्स. कुडाळहून एक मुलगा आला, दोन तासांत गच्चीवर पाइप ठोकला, छत्री फिरवली, वायरी खाली सोडल्या, चारही टीव्ही चालू करून दाखवले, सही घेतली, चहा घेतला, गेला. पिक्चर बघून मी म्हटलं ठीक आहे की, पण ह्याच्यात एचडी ते काय, साधं होतं तसंच तर दिसतंय. आमचे हे म्हणाले तुला डोळे तपासायला हवेत. सहा महिने एचडीचे पैसे भरले. मे मध्ये एक गेस्ट आले, टीव्हीच्या धंद्यातलेच असावेत, त्यांनी टीव्हीच्या मागे हात घातला आणि हसायलाच लागले. त्या मुलाने बॉक्स टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडला होता, चारही खोल्यांत. त्या वायरीतून एचडी जातच नाही, बॉक्स आत एचडी घेतो आणि बाहेर साधं करून देतो. एचडीएमआय केबल कंपनीच्याच खोक्यात पिशवीसकट पडलेली होती, मी ती पिशवी माळ्यावर टाकलेली. ती लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ५७६ चं १०८० केलं आणि काय सांगू, समालोचकाच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला.

म्हणून ज्यांच्याकडे एचडी आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर पहिलं काम करा, टीव्हीच्या मागे बघा. मी आमच्या वाडीत तीन घरी बघितलं, दोन घरी पिवळी वायर.

फरक किती पडतो ते नुसतं हिशोबाने सांगते. साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, एचडीचं १९२० बाय १०८०, गुणाकार केलात तर बरोबर पाच पट. पण हे पाच पट बत्तीस इंची टीव्हीवर सगळं दिसत नाही, बरेच बत्तीस इंची टीव्ही नावाचे एचडी रेडी असतात, त्यांच्या पडद्यावर तेवढे ठिपकेच नसतात. आमच्या तीन खोल्यांत बत्तीस आहे, एका मोठ्या खोलीत त्रेचाळीस, आणि खरा पैसा वसूल त्या त्रेचाळीसवरच होतो. दुसरं म्हणजे सगळे एचडी चॅनेल सारखे एचडी नसतात. स्पोर्टवाले बरे, काही मराठी चॅनेलवर सिरियल बरी दिसते पण जुना पिक्चर लागला की तोच धुरकट पिक्चर ताणून मोठा केलेला, माणसांची तोंडं भोपळ्यासारखी. आणि हालचाल जास्त झाली की चौकोन दिसतात. आम्ही समुद्रावर राहणारी माणसं, लाट फुटताना कशी दिसते ते रोज बघतो, टीव्हीवर लाट फुटली की तिचे चौकोनी तुकडे होतात ते लगेच डोळ्यांत खुपतं. याला उपग्रह जबाबदार नाही बरं का, वर जागा महाग आहे आणि कंपन्या एकेका ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे उपग्रहावरच्या सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या यंत्रात, जितके मावतील तितके चॅनेल दाबून बसवतात, आमच्या मालवणच्या सहाआसनी रिक्षात बारा माणसं बसवतात तसं.

आता त्या वरच्या यंत्राबद्दल, कारण मला त्याचं खरंच कौतुक आहे आणि रिव्ह्यूत त्याला कोण मार्क देत नाही. विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत मारतो, आणि पृथ्वीपण स्वतःभोवती तेवढ्याच वेळात फिरते, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळा ठोकल्यासारखा दिसतो. खरं म्हणजे तो सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगाने पळत असतो. मालवण ते तारकर्ली दोन-तीन सेकंदांत, आमच्या रिक्षावाल्याने वीस मिनिटं लावली तर मी आता हाच टोमणा मारते. तर तो खिळल्यासारखा आहे म्हणून आपली छत्री एकदा फिट केली की झालं, हलवायला लागत नाही. तो हलायला लागला असता तर आबांना दर अर्ध्या तासाने गच्चीवर पाठवावं लागलं असतं.

फ्री डिशचा आहे जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशावर. २०१५ च्या नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कौरूहून एरियन-५ रॉकेटने सोडला, वजन ३१६४ किलो, त्यावर २४ केयू बँडचे (हा रेडिओलाटांचा एक पट्टा) ट्रान्सपॉन्डर, आयुष्य धरलंय १२ वर्षं. म्हणजे आबांचा टीव्ही दोनदा बदलला, बॉक्स तीनदा बदलला, आणि वरचं यंत्र तेच, तिथे ना कोण स्क्रू फिरवायला जात ना कोण टेप मारायला. वर बिघाड होतच नाही असं नाही म्हणत मी. ह्याच जागेवर आधी इन्सॅट-४बी होता, २०१० च्या जुलैत त्याच्या सोलर पॅनेलकडून वीज कमी पडायला लागली आणि अर्धे ट्रान्सपॉन्डर बंद ठेवायला लागले. पण असं दहा-पंधरा वर्षांत एकदा. आमच्या छत्रीची एलएनबी वर्षात दोनदा जाते.

त्याहून नवीन जीसॅट-२४, जून २०२२ ला तिथूनच गेला, ४१८० किलोचा, त्याचेही २४ ट्रान्सपॉन्डर, आणि ते सगळेच्या सगळे एका डीटीएच कंपनीने आधीच भाड्याने घेऊन ठेवलेले, म्हणजे गिऱ्हाईक आधी आणि उपग्रह नंतर. सीझनला आमच्या खोल्या अशा आधीच बुक झाल्या असत्या तर!

आबा एक गोष्ट नेहमी सांगतात ती पण मी नंतर वाचून खात्री केली. १९७५ ला अमेरिकेचा एटीएस-६ वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला होता, सहा राज्यांतल्या २४०० गावांत त्यावरून टीव्ही दाखवला, आपला महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. तेव्हा छत्र्या होत्या दहा फुटी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. आता आपली छत्री दोन फुटांची. ही कमाल केयू बँडची, त्याच्या रेडिओलाटा आखूड, सुमारे अडीच सेंटिमीटरच्या, त्यामुळे लहान छत्रीत पण सिग्नल गोळा होतो. आणि इथेच आमच्या कोकणाची गोची आहे.

आखूड लाटांना पाऊस नडतो. साध्या रिपरिपीत काही होत नाही, श्रावणातल्या सरीत पण नाही, पण मृग-आर्द्रात ढग समुद्रावरून सरळ घरावर येतो आणि समोरचा माड दिसत नाही असा पाऊस पडतो तेव्हा पहिल्यांदा चित्रात चौकोन, मग आवाज तुटक, मग निळी पाटी. जुन्या अँटेनासारखं मुंग्या येऊन थोडं थोडं दिसतंय असं डिजिटलमध्ये नसतं, असतं तेव्हा झकास आणि जातं तेव्हा साफ. आणि यात एचडी आधी जाते. एकाच पट्ट्यात जास्त माल पाठवायचा तर सिग्नल चांगला लागतो, तो जरा पडला की एचडीवाले चॅनेल फुटतात आणि आबांची फ्री डिश अजून दोन मिनिटं तग धरून असते. मालवण बाजारात ज्यांच्याकडे केबल आहे ते हसतात, त्यांच्या केबलवाल्याकडे मोठ्या छत्र्या आहेत सी बँडच्या, त्या लाटा लांब, साडेसात सेंटिमीटरच्या, पावसाला फार जुमानत नाहीत. हसू देत, वाऱ्याने त्यांची वायर तुटली की ते आमच्याकडे येतात.

२०२४ ची वर्ल्डकप फायनल आठवते ना, २९ जून, आपण आणि साउथ आफ्रिका. रात्रीचे साडेअकरा वाजत आलेले, बाहेर आर्द्राचा पाऊस कौलांवर ताशा वाजवतोय, मोठ्या खोलीत त्रेचाळीस इंची समोर आम्ही घरचे, शेजारचे, दोन वाट चुकलेले गेस्ट. शेवटची ओव्हर, सोळा हवेत, हार्दिक बॉलिंगला, पहिलाच बॉल, मिलरने उचलला, बॉल हवेत, सूर्या बाउंड्रीकडे पळतोय आणि चौकोन! सूर्याचं अर्धं अंग निळं झालं आणि पाटी आली सिग्नल नाही. जी काय आरडाओरड झाली! आबा उठले, पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, धावत माजघरात आपल्या फ्री डिशकडे. तिथे डीडी स्पोर्ट्सवर चित्र तुकडे तुकडे होतं पण आवाज येत होता. त्या आवाजावरून कळलं कॅच घेतला. तो कॅच मी प्रत्यक्ष बघितला दुसऱ्या दिवशी मोबाईलवर. आणि गंमत म्हणजे आमची आरोळी ऐकून शेजारची पोरं चिडली, ती मोबाईलवर बघत होती, त्यांचा बॉल अजून मिलरच्या बॅटवर पण आला नव्हता. उपग्रहावरून वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, बाकी थोडा वेळ यंत्रात जातो, मोबाईलवरचं त्याच्याही कितीतरी मागे असतं.

पण खरं सांगू, धंद्याच्या हिशोबाने पाऊस आडवा येत नाही. जून ते ऑगस्ट समुद्रातलं सगळं बंद, स्कुबा बंद, बोटी बंद, खोल्या रिकाम्या. जेव्हा एचडी नीट चालत नाही तेव्हा बघायला गेस्ट नसतात आणि गेस्ट असतात तेव्हा आकाश मोकळं. म्हणून आम्ही आता जूनमध्ये तीन खोल्यांचे रिचार्ज बंदच ठेवतो, गणपतीत चाकरमानी आले की चालू करतो. पहिल्या दोन वर्षी हे सुचलं नव्हतं, रिकाम्या खोल्यांचे पण भरत बसलो. एचडी चॅनेलची आणखी एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही, २०१९ ला ते नवीन नियम आले १३० रुपये अधिक टॅक्स वाले, त्यात चॅनेल मोजताना एक एचडी म्हणजे दोन साधे धरले. म्हणजे पॅक निवडताना एचडी पण आणि त्याच चॅनेलचं साधं पण असं दोन्ही घेऊन बसू नका, कस्टमर केअरची मुलगी गोड बोलून दोन्ही घालते, आम्हाला घातलेच होते.

कस्टमर केअरचं लिहायला बसले तर वेगळा रिव्ह्यू होईल. थोडक्यात, फोन लावला की दहा बटणं दाबायची, मग ४८ तासांत माणूस येईल, माणूस येतो सहाव्या दिवशी, आणि त्या दिवशी नेमका सिग्नल चांगला असतो. व्हिजिटचे पैसे मात्र घेतो. एकदा परतीच्या पावसात वीज पडली कुठेतरी जवळ, दोन बॉक्स गेले, म्हणाले वॉरंटीत वीज बसत नाही. बरं. तेव्हापासून गडगडायला लागलं की प्लग तर काढतेच पण छत्रीची वायर पण बॉक्समधून सोडते, ती सोडायला लोक विसरतात आणि वीज तिथूनच घरात येते.

आता मुख्य मुद्दा, ते शेवटचे पंधरा मीटर.

खारा वारा काय करतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, पण कुडाळच्या पोराला कोण सांगणार. त्याने साधे लोखंडी नट लावले, दीड वर्षात ते असे झाले की हाताने चुरा होत होता. छत्री एक अंश जरी वाकली तरी सिग्नल पडतो, आणि गंजलेला पाइप वाऱ्याने रोज एक केस वाकतो, तुम्हाला कळत पण नाही. एलएनबीला जिथे वायर जोडतात त्या पिनेत पाणी शिरलेलं, तांब्याची तार हिरवी पडलेली. बॉक्समध्ये सिग्नलचं पान उघडलं की दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंथ एक क्वालिटी. आमची स्ट्रेंथ नव्वद दाखवत होती आणि क्वालिटी तीस, मला वाटलं नव्वद म्हणजे पास. तसं नाही, क्वालिटी बघायची असते. पिना बदलल्या, वर रबरी टेप गुंडाळून एम-सील चोपडलं, वायर पिनेत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, पिनेत जात नाही, क्वालिटी पंचाहत्तर झाली. खर्च दीडशे रुपये. हे करायला गावातलाच एक वायरमन आला होता, तो वायर हातात घेऊन म्हणाला, "वयनी, छत्री बरी आसा, वायर उंदरान खाल्ली." खरंच माळ्यावर दोन ठिकाणी कुरतडलेली. कंपनीच्या माणसाने याच वायरीकडे बघून मला उपग्रहाचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांगितलं होतं.

आणि माडाची गोष्ट, ही ऐकाच. आबांच्या फ्री डिशला दोन वर्षांपूर्वी विचित्र रोग झाला, वारा नसला की चित्र स्वच्छ, वारा आला की फुटतं. आबांनी छत्रीच्या मागे उभं राहून बघितलं, छत्रीचं तोंड सरळ फणसाकडे. फणसाची फांदी आड येते म्हणाले, आणि तोडली. धरता फणस! सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. चित्र तसंच फुटत राहिलं. मग मी बसून वाचलं तेव्हा उलगडलं. ह्या घरगुती छत्र्यांचं तोंड दिसतं तिकडे नसतं. एलएनबी मधोमध नसून खालच्या दांड्यावर असते, त्यामुळे छत्री जिथे बघतेय असं वाटतं त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरून सिग्नल येतो. आमच्याकडून जीसॅट-१५ आग्नेयेला जवळजवळ साठ अंश वर आहे, म्हणजे मान चांगली मागे टाकून बघायला लागतं. तिथे बघितलं तर काय, शेजारच्या माडाची झावळी! वाऱ्यावर हलली की सिग्नलच्या आड, थांबली की बाजूला. पाडेली नारळ काढायला आला तेव्हा त्याच्याकडून ती एक झावळी उतरवून घेतली, संपलं. फणस मात्र गेला तो गेला.

ह्यातूनच मला ती अक्कल आली जी कुठल्याच टेक्निशियनने दिली नाही. सिग्नल इतक्या वरून येतो तर छत्री गच्चीवर लावायचीच कशाला? उत्तरेतल्या देशांत उपग्रह क्षितिजाजवळ दिसतो म्हणून उंचावर लावायला लागते, आपण विषुववृत्ताच्या जवळ, आपल्याला तो जवळजवळ डोक्यावर. आणि आमचा समुद्र पश्चिमेला, वारा-पाऊस सगळा तिकडून, छत्रीला बघायचंय आग्नेयेला. तारकर्लीतल्या झाडून सगळ्या छत्र्या समुद्राकडे पाठ करून उभ्या असतात, इथे येऊन समुद्राकडे पाठ करणाऱ्या त्या एवढ्याच. तर २०२३ च्या मे मध्ये एचडीची छत्री गच्चीवरून काढली आणि घराच्या मागच्या बाजूला परसात आणली, दोन चिरे रचून मध्ये सिमेंट ओतून त्यात गॅल्व्हनाइजचा जाड पाइप, उंची माझ्या कमरेएवढी. पूर्ण घर आता तिच्या आणि समुद्राच्या वाऱ्याच्या मध्ये आहे. तेव्हाच छत्री पण बदलली, साठ सेंटिमीटरची काढून नव्वदची लावली, क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे पावसात थोडा जास्त दम. गच्चीवर नव्वदची लावायची हिंमत झाली नसती, शिडासारखी उडाली असती, खाली आडोशाला चालते. नट सगळे स्टेनलेसचे, मालवणच्या बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानातून, महाग पडले पण दोन पावसाळे झाले अजून चकचकीत आहेत. आणि स्टूलसुद्धा न घेता फडक्याने पुसता येते, पिन तपासता येते. गच्चीवर होती तेव्हा भर पावसात शेवाळावरून वर चढायचं म्हणजे जिवाशी खेळ.

पाऊस आता पण अडवतोच, पण आधी पाऊण तास जायचा तिथे आता दहा-पंधरा मिनिटांत परत येतो, हे माझ्या घड्याळाने.

मार्क द्यायचे तर उपग्रहाला पाचपैकी पाच, एचडी चित्राला साडेतीन कारण चॅनेलवाले दाबून बसवतात, कंपनीच्या फिटिंगला एक आणि तो पण चहा संपवून कप विसळून ठेवला म्हणून, कस्टमर केअरला अर्धा. घ्यावी का? ज्यांच्याकडे फायबर नीट येतं त्यांनी विचार करा, आमच्याकडे फायबरची वायर पण त्याच खांबांवरून येते जे पहिल्या वादळात आडवे होतात, आणि छत्रीला इन्व्हर्टर सोडून कोणाची गरज नाही. किनाऱ्यावरच्या घराला एचडी घेतलीत तरी जोडीला फ्री डिश ठेवाच, महिन्याचं भाडं नाही, वर पाऊस दोन मिनिटं उशिरा लागतो.

एक राहिलंच. सप्टेंबर संपता संपता आणि मार्चच्या मध्यावर तीन-चार दिवस फ्री डिश सकाळी अकराच्या सुमाराला काही मिनिटं जाते, लख्ख ऊन असताना. घाबरू नका, कोणाला फोन करू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो, आपोआप परत येतो. वेगळ्या उपग्रहावरच्या कंपनीची वेळ थोडी पुढेमागे. आबांना हे सांगितलं तर ते आता त्या दिवसांत मुद्दाम अकराला टीव्ही लावून घड्याळ घेऊन बसतात.

परवा मात्र ऊन पण नाही, पाऊस पण नाही, चारही खोल्यांतली एचडी एकदम गेली, गेस्ट ओरडायला लागले. मी परसात गेले तर आमची तांबडी कोंबडी एलएनबीच्या दांड्यावर पंख फुगवून बसलेली, बरोबर छत्रीच्या समोर. हुसकली, चित्र आलं. संध्याकाळी परत तिथेच. आता तिच्यासाठी छत्रीभोवती जाळी लावायला घेतलीय.